संक्रांतीच्या कार्डावर आणि फोटोखाली काय लिहू? सारखे विचारले जाणारे प्रश्न

वीस डिसेंबर उलटला की माझ्या फोनवर एकच वाक्य यायला लागतं, "अगं एक लाइन सुचव ना." आधी नाताळ, मग थर्टी फर्स्ट, मग हुरड्याचे फोटो, मग भोगी, संक्रांत, बोरनहाण, हळदीकुंकू, हे सगळं रथसप्तमीपर्यंत चालू. वहिनीला सांगितलेली ओळ आतेबहिणीला चालत नाही आणि दोघी एकाच ग्रुपवर असतात. म्हणून यंदा सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतेय, आता मेसेज करण्याआधी हे वाचा आणि मगच करा.

"तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" एवढंच लिहिलं तर चालतं ना?

चालतं, शंभर टक्के चालतं, पण ते तुमच्या आधी सव्वाशे लोकांनी पाठवलेलं असतं, त्यामुळे वाचलं कोणीच जात नाही, नुसता अंगठा येतो. त्याला घरातलं काहीतरी शेपूट जोडा. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आपण लहानपणी म्हणायचो ती पुढची ओळ, "माझा तिळगूळ सांडू नका, माझ्याशी कधी भांडू नका." यातला पहिला अर्धा भाग तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात त्या माणसाशी तुमचं जे खरं भांडण आहे ते घालायचं. "माझा तिळगूळ सांडू नका, पार्किंगवरून भांडू नका." "माझा तिळगूळ सांडू नका, जुना हिशेब मांडू नका" (हे भावंडांसाठी, आणि ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याने लिहू नये). "गॅलरीत मला कोंडू नका" हे माझ्या भाचीने तिच्या भावाला लिहिलं होतं, मागे खरीच घटना होती. सांडू, भांडू, मांडू, कोंडू, कांडू, एवढी यमकं तयार आहेत, अजून काय पाहिजे.

तिळगुळ की तिळगूळ? संक्रात की संक्रांत?

कार्ड छापणार असाल तर हे आधी वाचा, कारण एकदा पन्नास कार्डं छापून आली की आजोबा चष्मा लावून पहिलं तेच बघतात. गूळ दीर्घ, म्हणून तिळगूळ दीर्घ. पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो, म्हणजे तिळगुळाचा लाडू, तिळगुळाची वडी. संक्रांतला दोन टिंबं, सं वर एक आणि क्रां वर एक, दुसरं टिंब कायम खाल्लं जातं. हार्दिक मधला दि पहिला. आणि शुभेच्छा मध्ये च आणि छ दोन्ही असतात, "शुभेछा" दिल्या तर अर्ध्याच पोचतात. फोटोच्या कॅप्शनमध्ये मात्र एवढं कोणी धरत नाही, तिथे "तिळगुळ" लिहिलंत तरी लाडू तेवढाच गोड लागतो.

तारीख १४ लिहू की १५?

यावरून दरवर्षी ग्रुपवर वाद. २०२३ आणि २०२४ ला आपण १५ जानेवारीला केली, २०२५ ला परत १४ ला. सूर्य मकर राशीत शिरतो त्या क्षणावर ते ठरतं आणि तो क्षण दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकतो, लीप वर्ष आलं की मागे येतो, असं करत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जातो. म्हणजे आपल्या पणतवंडांना "१४ जानेवारी" हे ऐकूनच माहीत असणार. कार्डावर तारीख टाकायची गरजच काय पण? "संक्रांत" लिहा, वर्ष लिहा, बास. आणि टाकायचीच असेल तर आधी कॅलेंडर बघा, गेल्या वर्षीची फाइल उघडून तीच परत पाठवणारे खूप आहेत (मी पण केलंय).

मला उशीर झाला, आता पाठवलं तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही, हा एकच सण आहे ज्यात उशिराला अधिकृत सवलत आहे. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, हळदीकुंकू करता येतं, बोरनहाण करता येतं. फक्त ही मुदत दरवर्षी वेगळी असते, कारण संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी तिथीवर. २०२४ ला १६ फेब्रुवारीपर्यंत होती, चांगला महिना मिळाला, आणि २०२६ ला २५ जानेवारीलाच खलास, जेमतेम अकरा दिवस. उशीर झाल्यावर माफी मागत बसू नका, सरळ लिहा, "तिळगुळाला रथसप्तमीपर्यंत वॉरंटी आहे." रथसप्तमी पण गेली असेल तर मग गप्प बसा, नाहीतर होळीच्या शुभेच्छा लवकर दिल्या म्हणा.

किंक्रांतीच्या दिवशी मात्र जुनी माणसं शुभेच्छा घेत नाहीत. तो करिदिन. एक दिवस थांबलात तर काही बिघडत नाही.

"संक्रांत" या शब्दावर विनोद करू का? पगारावर संक्रांत, डाएटवर संक्रांत वगैरे?

स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या डाएटवर, स्वतःच्या जीन्सच्या बटणावर करा. दुसऱ्यावर नको. आपल्याकडे सण म्हणून संक्रांत गोड आणि वाक्प्रचारात मात्र संकट, हा घोळ आहेच, त्यात पंचांगातली संक्रांत कशावर बसून आली, काय नेसली, कुठल्या दिशेला बघतेय यावर फॉरवर्ड फिरत असतात आणि "यंदा पिवळ्यावर संक्रांत आहे" म्हणून पिवळी साडी कपाटात परत जाते.

आमच्या घरातला किस्सा सांगते म्हणजे कळेल. आमच्या एका चुलतभावाचं डिसेंबरात लग्न झालं. संक्रांतीला वहिनी काळी साडी, हलव्याचे दागिने घालून दारात उभी, सुंदर फोटो, आणि याने भरभर टाइप केलं, "आमच्या घरी पहिली संक्रांत आली!!" त्याला म्हणायचं होतं पहिला सण आला. फोटो फॅमिली ग्रुपवर, ज्यात वहिनीच्या माहेरचे अकरा जण. चार मिनिटांत काकूंचा फोन, पण तोपर्यंत निळ्या टिका आल्या होत्या. वहिनी स्वतः हसली बिचारी, तिच्या मामांनी मात्र दोन दिवस कशालाच रिप्लाय दिला नाही. तर, माणसाच्या फोटोखाली "संक्रांत आली" लिहू नये. "संक्रांतीचा पहिला सण" लिहावं. एका शब्दाचा फरक आहे.

नवीन लग्न झालंय, हलव्याचे दागिने घातलेत, कॅप्शन द्या ना.

सगळ्यात जास्त मागणी हीच. आधी एक बघा, फोटोत दागिने दिसतायत का. तो काटेरी हलवा काय मेहनतीने होतो माहितीये का, खसखस किंवा तीळ परातीत घेऊन खाली मंद शेगडी आणि वरून चमच्याचमच्याने पाक सोडत बोटांनी हलवत बसायचं, तासन् तास, आणि थंडी चांगली असेल तरच काटा येतो. आमची आजी दमट हवा आली की परात उचलून ठेवायची, "आज टक्कल पडणार हलव्याला" म्हणायची. एवढं करून केलेली नथ आणि कंबरपट्टा फोटोत ब्लर असेल तर कॅप्शन कितीही भारी लिहा काय उपयोग.

आता ओळी घ्या:

"सोन्याचा भाव बघितला आणि साखरेवर भागवलं."
"दागिने माझे, मुंग्या तुमच्या."
"चंद्रकळा नेसलेय, ग्रहण समजू नये."
"वर्षभर काळं घातलं की आई ओरडते, आज तीच इस्त्री करून देतेय."

आणि जावयासाठी तर मराठीने विनोद तयारच ठेवलाय, कारण त्याला हलव्याचा नारळ देतात. "सासूबाईंनी पहिल्याच सणाला नारळ दिला." एवढंच लिहायचं, फोटोत साखरेचा नारळ दिसतोच. ऑफिसातल्या लोकांना हे फार आवडतं, मात्र ज्याच्या कंपनीत त्या आठवड्यात खरंच लोकांना नारळ दिले जातायत त्याने हे टाकू नये.

सोन्याच्या भावाची ओळ सासरच्यांनी टाकायची नाही बरं का, नवरीनेच टाकायची. सासरहून आली की तिचा अर्थच बदलतो.

बोरनहाणाच्या फोटोला काय लिहू? बाळ सगळ्या फोटोंत रडतंय.

रडतंय तोच फोटो टाका! मुकुट डोळ्यावर आलाय, हातात बासरी उलटी, वरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा, चॉकलेटं धबाधबा पडतायत आणि आजूबाजूला बारा पोरं आपल्या अंगावर झेपावतायत, रडेल नाहीतर काय करेल. "आजची आंघोळ बोरांची, उद्यापासून परत पाण्याची." "अंगावर माझ्या पडलं, लुटलं मात्र शेजारच्यांनी." शेवटी झोपलेल्या बाळाचा फोटो असेल तर "लूट संपली, उत्सवमूर्ती विश्रांती घेत आहेत."

बाळाच्या तोंडी बोबडं "मी थोता ब्याग" असलं लिहू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं ठीक, चार वर्षांच्या पोराला वाचून दाखवलं तर तेच म्हणतं मी असं बोलत नाही.

हळदीकुंकवाचं आमंत्रण मजेशीर करायचंय.

"काय लुटताय यंदा?" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारत कोणी नाही, तर तिथूनच सुरुवात करा. "वाण काय आहे ते सांगणार नाही, पण तुमच्याकडे याचं झाकण हरवलेलं आहे हे आम्हाला माहीत आहे." "वाण छोटं आहे, मसालेदूध मोठ्या ग्लासात आहे." "उखाणा सक्तीचा, यमक ऐच्छिक." वेळ मात्र सरळ लिहा, विनोदात वेळ हरवते, मागच्या वर्षी एकीने "दिवेलागणीपासून दिवे मालवेपर्यंत" असं लिहिलं आणि तिच्याकडे रात्री साडेनऊला तिघीजणी आल्या.

आणि कोणाला बोलवायचं यावर एक सांगते, विचारलं नाहीत तरी. आता बऱ्याच ठिकाणी विधवा, एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांनाच बोलावतात, आणि तसं असेल तर आमंत्रणात "सुवासिनींनी" न लिहिता "सगळ्याजणी या" एवढं लिहा. बोलवायचं सगळ्यांना आणि छापायचं जुनंच, याने घोळ होतो. आलेल्या पण अवघडतात.

कार्ड पोस्टाने पाठवायचं का खरंच? व्हॉट्सअ‍ॅप असताना?

छापील नाताळ कार्डाची सुरुवात लंडनमध्ये १८४३ ला झाली असं धरतात, हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना सगळ्यांना हाताने पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून. म्हणजे कार्ड हा प्रकारच मुळात वेळ वाचवायला निघाला, आणि आता वेळ काढून पाठवायची गोष्ट झालाय.

आपल्याकडे संक्रांतीची छोटी भेटकार्डं मिळायची, पतंग नाहीतर लाडवाचं ताट छापलेलं, आणि आत बटर पेपरच्या पुडीत चमचाभर हलवा. पाकिटाची जीभ न चिकटवता आत खोचून बुकपोस्टाने जायचं. माझ्या आठवणीत त्या पुडीत कधीच दाणे आले नाहीत, पोस्टातल्या शिक्क्याने त्याची पिठीसाखर झालेली असायची आणि आम्ही ती बोटाने चाटायचो. अजूनही पाठवायचं असेल तर हलवा चमचाभरच, कार्डाच्या घडीत पसरून, नाहीतर एकीकडे गोळा होतो. वर लिहा, "हलवा पाठवला होता, साखर पोचली असेल."

वयस्कर नातेवाइकांना जुन्या पत्राचा बाज फार आवडतो. "ती. काकांस, सा. न. वि. वि. सोबत तिळगूळ पाठवत आहे. दात असल्यास खावा, नसल्यास काकूंना द्यावा. पोच कळवावी. लोभ आहेच, तो दोन लाडवांनी वाढावा." माझ्या सख्ख्या काकांनी हे कार्ड तीन वर्षं शोकेसमध्ये ठेवलंय. अर्थात त्यांचे दात शाबूत आहेत आणि स्वभाव माहितीये म्हणून. ज्यांची कवळी नवीन आहे त्यांना नको.

ऑफिसच्या ग्रुपवर, साहेबांना?

सहकाऱ्यांना "गोड गोड बोला, निदान अप्रेझल होईपर्यंत." साहेबांना "आपणांस व कुटुंबीयांस मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा." पुढचा प्रश्न.

हुरडा पार्टीच्या फोटोंना?

यात फोटोच बोलतो, आगटीभोवती बसलेली माणसं, गोवऱ्यांचा धूर, तळहातावर चोळून फुंकर मारलेला गरम हुरडा, बाजूला शेंगदाण्याची चटणी, दही, रेवड्या. "डोळ्यात पाणी धुराचं आहे, भावुक झालो असं समजू नये." "हात काळे झालेत, धंदा पांढराच आहे." आणि शेतावर जाऊन पैसे मोजून खाल्लेला हुरडा असेल तर "गावच्या मातीतले आम्ही" असलं लिहू नका हो, फोटोत मागे रिसॉर्टची पाटी दिसते.

भोगीच्या ताटाला कॅप्शन लागतच नाही, "न खाई भोगी तो सदा रोगी" ही आधीच यमकात आहे. फार तर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवरच्या लोण्याच्या गोळ्याला बाण काढून "औषध" लिहा.

पतंगाचे फोटो?

नाशिक-येवल्याकडचे असाल तर "गई बोला रे धिना" एवढं पुरतं, बाहेरच्यांना अर्थ विचारू दे. पतंग कापला गेला असेल तर "पतंग सोडला, त्याला स्पेस हवी होती." हातात नायलॉन मांजा असलेला फोटो मात्र टाकू नका आणि मुळात वापरू नका, २०१७ पासून त्यावर बंदी आहे, माणसांचे गळे कापतात, पक्षी जातात, त्याच्याखाली कुठलीच गोड ओळ शोभत नाही.

नाताळ आणि थर्टी फर्स्टचं काय?

नाताळच्या शुभेच्छा ज्यांचा सण आहे त्यांना मनापासून आणि साध्या द्या, विनोद करायचा तर खाण्यावर करा, गव्हाणीवर नको. गोव्यात आमची एक मैत्रीण आहे, दिवाळीला तिच्याकडे फराळ जातो आणि नाताळला तिच्याकडून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल येतं. तिला दरवर्षी हेच कार्ड जातं, "करंजी आमची, नेवरी तुमची, ताट कोणाचं ते आता कोणालाच आठवत नाही."

थर्टी फर्स्टला कोणीतरी "आपलं नववर्ष गुढीपाडव्याला" टाकणारच. वाद घालू नका, "गुढी पाडव्यालाच उभारू, आज फक्त कॅलेंडर बदलतोय" म्हणा. माझी लाडकी ओळ अजून छोटी आहे, भिंतीचा फोटो आणि खाली "कॅलेंडर नवं, खिळा जुनाच." लग्नाच्या वाढदिवसालाही चालते, बघा.

आम्ही परदेशात आहोत, आमचा फोटो वेगळाच दिसतो.

मग तेच लिहा ना! न्यू जर्सीच्या मावसबहिणीचं, "आत थर्मल, वर पैठणी, खाली बर्फाचे बूट, नथ गोठली आहे." मेलबर्नवाल्या भाच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा, त्याने घामाने डबडबलेला फोटो टाकून लिहिलं होतं, "तिळाने ऊब येते म्हणतात, इथे कमी करायचे तीळ कुठे मिळतात?" बंगळुरूला असाल तर शेजाऱ्यांना "एळ्ळु बेल्ल" द्या-घ्या, तेही तीळगूळ खाऊन चांगलं बोला असंच म्हणतात, विनोद भाषांतर न करता पोचतो.

कोणाला मजेशीर पाठवू नये?

ज्यांच्या घरी वर्षाच्या आत कोणी गेलंय त्यांना. बऱ्याच घरांत ते वर्ष सण करत नाहीत. त्यांना शुभेच्छाही नको, नुसतं "आठवण आली, येऊन जाते" लिहा, आणि जा. ब्रॉडकास्ट लिस्ट करताना हीच नावं काढायची राहतात, मी आता पाठवण्याआधी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचते, दोन मिनिटं लागतात.

एआयकडून लिहून घेतलं तर?

घ्या की. मी पण मागून बघितलं, आलं "तिळाचा स्नेह आणि गुळाचा गोडवा आपल्या नात्यात विरघळो." स्नेह म्हणजे तेल पण आणि माया पण, तिळावरची ही कोटी छानच आहे, पण ती एवढी वापरली गेलीय की त्या तिळात आता तेल उरलेलं नाही. त्याला तुमच्या शेजाऱ्याची पार्किंगची जागा माहीत नाही ना.

तुझ्या या ओळी आम्ही वापरू का?

वापरा, नाव-बिव नको. मागच्या संक्रांतीला माझीच पार्किंगची ओळ कुठून कुठून फिरून मलाच आली, खाली भलत्याच काकांचं नाव, आणि त्यांच्या सोसायटीत पाण्याचं रडगाणं असणार, कारण त्यांनी बदलून केलं होतं, "माझा तिळगूळ सांडू नका, टँकरवरून भांडू नका." माझ्यापेक्षा बरं जमलंय, आता मी तेच पाठवते.